टीम घरची, नवरदेव स्लोव्हेनियाचा

अहो वहिनी, ऐकलंत का? आमच्या ह्यांनी नवी सायकल आणली! किंमत विचारली तर नुसतेच हसले, तेव्हाच समजले मी काय ते. आता म्हणे दर शनिवारी पहाटे इथल्या, दुबईच्या अल कुद्रा सायकल ट्रॅकवर. आणि हे सगळं कोणापायी? त्या सायकलपटू पोगाचारपायी!

तुमच्याकडेही त्याचंच पुराण असणार. 2020 ची टूर द फ्रान्स तर पाठच झाली असेल. तो रोग्लिच 57 सेकंदांनी पुढे, दुसऱ्या दिवशी पॅरिस, म्हणजे पेढे आणायचेच बाकी... आणि शेवटच्या चढावर ह्या पोराने सगळंच हिसकावून घेतलं. बावीस पूर्ण व्हायला दोन दिवस होते हो त्याला! रोग्लिचचं हेल्मेट वाकडं, चेहरा पांढराफटक. त्याच्या टीममधले आधीच आपापली शर्यत संपवून स्क्रीनसमोर बसलेले, त्यांची तर बोलतीच बंद. दोघेही स्लोव्हेनियाचे बरं का, म्हणजे अगदी भाऊबंदकीच...

तर मला सांगायचंय ते पोगाचारच्या टीमचं! ती मूळची इटलीची, लाम्प्रे. चिनी पैसा येणार येणार म्हणत ऐनवेळी फिसकटलं, मग 2017 ला अबू धाबीने हात दिला आणि छातीवर एमिरेट्स आलं. 

त्याच वर्षी टीममध्ये इथलाच, यूएईचा एक मुलगा आला, युसुफ मिर्झा. 2016 ला रिओ ऑलिंपिकला जाऊन आलेला, आणि पुढे 2018 ला म्यानमारमध्ये एशियन चॅम्पियन झाला. मी ह्यांना सहज विचारलं, तर म्हणतात, "मिर्झा? सानियाचा कोणी?" लेकीने मोबाइलवर फोटो दाखवला, तेव्हा ह्यांचं तोंड पाहायला हवं होतं तुम्ही!

अहो, अशा टीममध्ये मिर्झासारख्या बाकीच्यांनी करायचं काय, तर मागे टीमच्या गाडीपर्यंत जायचं, पाण्याच्या बाटल्या जर्सीत कोंबायच्या, धापा टाकत परत पुढे यायचं आणि वारा स्वतःच्या अंगावर घ्यायचा. लग्नात फोटो नवरदेवाचे, वाढप्याला कोण विचारतंय?

पोगाचारचं कौतुक मलाही आहे हो, चार वेळा टूर जिंकणं म्हणजे गंमत नाही. पण फेब्रुवारीत यूएई टूर जेबेल हफीतचा डोंगर चढायला लागली आणि तुम्ही मंडळी अल ऐनला गेलात, तर एक करा. तो पुढे गेला की लगेच गाडीकडे पळू नका. मागून घामाघूम होऊन येणाऱ्यांसाठीही टाळ्या वाजवा. भावजींनाही सांगा!