रूटभाऊ

रूटभाऊ वयानं बावीस-तेवीसचा असतो, गोंडवाना विद्यापीठाची बीएस्सी झालेला असतो आणि वनरक्षक भरतीचा अभ्यास करतो असं घरी सांगून लॅपटॉपवर आर्च लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम बसवत असतो. सिंदेवाही-ब्रह्मपुरीकडे आढळतो, वैनगंगा ओलांडून आरमोरी-वडशातही. वनखात्यानं याची गणना अजून केलेली नाही.

उबुंटू हे सोपं लिनक्स त्याला चालत नाही. "ते नेक्स्ट-नेक्स्ट करून होते. त्यात का मजा?" जड व्हिनेट या कॅनडाच्या माणसानं २००२ मध्ये आर्च काढलं ते साधेपणाचं ब्रीद घेऊन. हा साधेपणा यंत्राच्या आतला. बसवणाऱ्याच्या वाट्याला काळा पडदा आणि लुकलुकणारा कर्सर. त्यातही २०२१ पासून आर्चच्या पेन ड्राइव्हवर एक स्क्रिप्ट आयतीच मिळते, चार प्रश्नांची उत्तरं दिली की बाकीचं ती उरकते. हे रूटभाऊला सांगून पाहा. मार्कंड्याच्या यात्रेला एसटी जाते, हे पायी निघालेल्याला सांगितल्यावर तो जसा बघतो, तसा बघेल.

तर डिस्कचे भाग पाडायचे, त्यावर फाइल सिस्टिम घालायची, मग माउंट. "बाबू, जेवून घे." "थांब न व आई, माउंट करून राहिलो." आधीची फाइल सिस्टिम दिसली की यंत्र बिचारं विचारतं, पुढे जाऊ का? रूटभाऊ वाय दाबतो. ताईच्या लग्नाचे फोटो त्याच डिस्कवर होते, हे त्याला एंटर दाबल्यावर आठवतं. आर्चच्या विकीत प्रत्येक अडचणीवर कमांड आहे. आईला काय सांगायचं, यावर नाही.

पुढे पॅकस्ट्रॅप. आता शेकडो एमबी उतरवायचे. टॉवर मिळतो गच्चीवर, म्हणून लॅपटॉप, मोबाईल आणि वायर घेऊन स्वारी गच्चीवर. निम्मं उतरलं की लाईन जाते. चंद्रपुरात २,९२० मेगावॅटचं वीज केंद्र आहे, हे भरतीसाठी त्यानं पाठ केलेलं असतं. या क्षणी ते आठवून उपयोग नसतो. लॅपटॉपची बॅटरी तर कॉलेजातच मेलेली.

मग पासवर्ड. टाइप करावं तर पडद्यावर एक टिंबही उमटत नाही. लिनक्सची ही जुनी रीत; पण त्याला वाटतं कीबोर्ड गेला. तो तेच बटण जोरजोरात दाबतो, फुंकर मारतो, पुन्हा दाबतो. शेवटी जो पासवर्ड लागतो तो त्यालाही माहीत नसतो.

लॅपटॉपच्या झाकणावर त्यानं मेंढा (लेखा) गावाची घोषणा चिकटवली आहे : दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार. धानोरा तालुक्यातल्या या गावानं २००९ मध्ये जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला. सगळ्यांचं एकमत होईस्तोवर तिथे निर्णय होत नाही. रूटभाऊचं एकमत ताबडतोब होतं, कारण सभेला तो एकटाच असतो. आपल्या मशीनमध्ये आपणच सरकार! मशीन पुन्हा चालू होते, लॉगिन येतो, डोळे भरून येतात आणि कळतं की या सरकारात नेटवर्क खातंच नेमायचं राहिलं. पुन्हा पेन ड्राइव्ह, पुन्हा गच्ची.

एका पहाटे डेस्कटॉप उगवतो. रूटभाऊ बाबांना उठवून मराठी पेपर उघडून दाखवतो.

"हे का चौकोन-चौकोन दिसून रायले रे?"

"देवनागरी फॉन्ट टाकायचा रायला, बाबा."

"मंग दुकानातून आणला तवा कसा दिसत होता?"

"त्यात होता."

बाबा परत झोपायला जातात.

मी अशा बऱ्याच जणांना पाहिलं आहे. लॅपटॉपवर काही काम करायचं असतं, हे यांच्या मनातच नसतं. बसवणं झालं की करमत नाही. सुदैवानं आर्चचं अपडेट संपत नाही, आणि एखाद्या अपडेटनं काहीतरी मोडलं की चेहऱ्यावर पुन्हा तेज येतं. भरतीच्या फॉर्मची शेवटची तारीख नेमकी अशाच दिवशी येते. ताई, तीच फोटोवाली, मुकाट्यानं नेट कॅफेत जाते, फॉर्म भरते आणि पावती त्याच्यासमोर टाकते.

रूटभाऊ पावती उलटसुलट करून पाहतो.

"ताई, कॅफेवाल्याकडची मशीन लय जुनी आहे का व? हार्ड डिस्क किती जीबीची, विचारलं का?"