बदली बाई आणि चार पर्याय

शाळेत बदली शिक्षिकेची खरी किंमत फक्त शिपाईदादांना कळते. नेरूळच्या एका शाळेत मी बाळंतपणाच्या रजेवर गेलेल्या बाईंच्या जागी आहे. रोज सकाळी प्रॉक्सीचा कागद घेऊन दादा आधी माझ्याकडेच येतात. कुणाचा घसा बसला, कुणाची लोकल सानपाड्याला अडकली, की तो तास माझा. मी मराठीची, पण आतापर्यंत भूगोल, चित्रकला आणि कराटेही घेऊन झालं. कराट्याच्या तासाला मी नुसती हाताची घडी घालून उभी होते. वर्ग इतका शांत पुन्हा कधी बसला नाही.

एवढ्यासाठीही पात्रता लागतेच. पहिली ते आठवीला शिकवायचं तर वर्गाप्रमाणे डी.एड. किंवा बी.एड. हवं, आणि वर टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा. पुण्याची परीक्षा परिषद ती घेते. अडीच तासांत दीडशे प्रश्न, खुल्या गटाला ९० गुण हवेत. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, एवढीच काय ती माया.

त्यात ३० गुण बालमानसशास्त्राचे. पियाजेसाहेबांनी स्वतःच्या तीन मुलांकडे बघत बघत बालबुद्धीचे टप्पे मांडले. तीन! सहावी 'ब'च्या शेवटच्या बाकावरच त्याहून जास्त बसतात. पण गाईड वाचता वाचता मला एक गुपित सापडलं. मूल वर्गात दंगा करत असेल तर शिक्षकाने काय करावे? एक पर्याय शिक्षेचा, एक पालकांना बोलावण्याचा, एक दुर्लक्षाचा. आणि चौथा, सगळ्यात लांबलचक, 'कारण समजून घेऊन' वगैरे. डोळे मिटून लांब उत्तराला काळं करावं. खऱ्या वर्गात मात्र पर्याय मुलं देतात, आणि तो एकच असतो: "टीचर, ग्राउंडवर सोडा ना!"

माझी ही विद्या स्टाफरूममध्ये कुणी विचारत नव्हतं. मग १ सप्टेंबर २०२५ उजाडला. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नोकरीत असलेल्यांनीही दोन वर्षांत टीईटी पास व्हावं. निवृत्तीला पाच वर्षांहून कमी उरली असतील तर नोकरीपुरती सूट. त्या दुपारी, वाढदिवसाला वय विचारलं तर रुसणाऱ्या एक मॅडम स्वतःहून जन्मतारीख सांगत फिरत होत्या. पंचवीस-पंचवीस वर्षं फळा झिजवलेल्या माणसांना अशी परीक्षा लावणं मला पटत नाही. पण मला बसायला खुर्ची मिळाली ती त्याच दिवशी, हेही खरं. आता मधल्या सुट्टीत कायम मॅडम डबा उघडून बसतात आणि बदली बाई त्यांना पियाजे समजावते. "अगं, हा म्हणतो ते आपण रोजच करतो की!" असं म्हणून त्या चुकीच्या पर्यायावर खूण करतात.

तर वाचकहो, जुईनगर-नेरूळकडे कुणाकडे टीईटीचे जुने सराव संच पडून असतील तर रद्दीत घालू नका, आमच्याकडे द्या. शक्यतो मोठ्या अक्षरांतले. मॅडमचे चष्मे नेहमी घरीच राहतात.