कलमभाऊ

कंपनी यंदा मेडिक्लेमची विमा कंपनी बदलणार, ही बातमी नोटीस बोर्डावर लागण्याच्या आदल्या दिवशीच कलमभाऊंना कळलेली असते. कशी, ते विचारायचं नाही. एचआरचा शिपाई त्यांच्या गावचा असतो, नाहीतर झेरॉक्सवाला त्यांच्या शब्दातला असतो. चाकण, सातपूर, वाळूज, महापे, कुठेही जा. गेटवर युनियनचा बोर्ड असलेल्या प्रत्येक कारखान्यात एक कलमभाऊ असतोच. खरं नाव पगाराच्या स्लिपपुरतं उरलेलं. कमिटीत ते नसतात. एकदा निवडणुकीला उभे राहिले आणि पडले, कारण प्रचाराच्या भाषणात त्यांनी मागचा करार पहिल्या कलमापासून वाचायला घेतला आणि तोवर फर्स्ट शिफ्टच्या बसेस सुटल्या.

तीन वर्षांनी वेतनवाढीचा करार झाला की बाकीचे गुलाल उधळतात, डीजेपुढे नाचतात. ‘ऐतिहासिक करार’ म्हणून चौकात फ्लेक्स लागतो. त्यावर वाढीचा आकडा मोठा, त्याखाली ‘मेडिक्लेम ३ लाख’ आणि त्याखाली हात जोडलेले पुढारी. कलमभाऊही कपाळाला गुलाल लावून घेतात, पण सिक्युरिटी केबिनच्या दिव्याखाली उभे राहून कराराची प्रत वाचत असतात. “तीन लाख लिहिलेत रे, पण कुठल्या अटींवर ते कुठंय?” डीजेच्या आवाजात ते कुणाला ऐकू जात नाही.

मेडिक्लेमविषयी त्यांचा मूळ राग आणखी जुना आहे. ईएसआयची, म्हणजे कामगारांच्या सरकारी विमा योजनेची, पगाराची मर्यादा २०१७ साली १५ हजारांवरून २१ हजारांवर गेली. कायम कामगारांचा पगार करारामुळे तीही ओलांडून गेला आणि त्यांचं ईएसआयचं कार्ड बंद झालं. “पगार वाढला आणि दवाखाना गेला,” हे त्यांचं वाक्य. ईएसआयच्या रांगेत उभं असताना त्याच दवाखान्याला त्यांनी काय काय म्हटलं होतं, ते जुन्या लोकांना आठवतं. पण काढत कुणी नाही.

कारण भाऊंचा तो स्वभावच आहे. आहे त्याच्याशी भांडायचं आणि गेलेल्यासाठी रडायचं. जी विमा कंपनी आता चालली आहे, तिला गेली तीन वर्षं त्यांनी ‘लुटारू’ याखेरीज दुसऱ्या नावाने हाक मारली नाही. नोटीस लागली त्या दुपारी कँटीनमध्ये मात्र सूर पालटला. “शेवटी जुनं माणूस ते जुनं माणूस. पैसे कापायची, पण ओळखून कापायची.” मग ते १९७२ सालावर जातात. त्या वर्षीच्या कायद्याने सर्वसाधारण विमा सरकारी झाला आणि शंभरावर खाजगी कंपन्यांच्या चार सरकारी कंपन्या झाल्या. १९९९च्या कायद्याने खाजगी कंपन्या परत आल्या. २००१ला टीपीए आले. टीपीए म्हणजे विमा कंपनी आणि आपण यांच्यामध्ये बसून क्लेम तपासणारी संस्था. “पूर्वी नाही म्हणायला एकच जण होता,” भाऊ सांगतात, “आता दोन झाले.”

त्यानंतर ‘नाइन-ए’ निघतं. औद्योगिक विवाद कायदा १९४७, कलम ९-अ: सेवाशर्तींत बदल करायचा तर २१ दिवस आधी नोटीस. नव्या औद्योगिक संबंध संहितेत हेच कलम ४० नंबरवर गेलं, हे भाऊंना पाठ आहे. पण ‘फोर्टी’ म्हटल्यावर साहेब दचकत नाहीत, म्हणून ते नाइन-एच म्हणतात. एचआर साहेब समजावतात, “भाऊ, सेवाशर्ती कुठे बदलल्या? मागच्या वर्षी आपले क्लेम प्रीमियमपेक्षा जास्त गेले. जुन्यांनी रिन्यूअलला रेट वाढवला, नवीन कंपनी कमीत देते. बेनिफिट्स सेम आहेत.”

“म्हणजे आजारी पडलो ही आमचीच चूक,” भाऊ म्हणतात. आणि तिथून बाहेर पडताच, साध्या अशक्तपणासाठी दोन दिवस ॲडमिट होऊन सलाईन लावून घेतलेल्या पेंटशॉपच्या पोराला धरतात: “तुझ्यासारख्यांनीच क्लेमचा रेशो घालवला!”

त्यांची खरी बैठक मात्र टीपीएच्या प्रेझेंटेशनला. कँटीनच्या भिंतीवर प्रोजेक्टर, समोर वडापाव, आणि लॅपटॉप घेऊन आलेली पंचविशीतली मुलगी. ‘काही शंका?’ असं ती विचारते, तेव्हा बाकीच्यांची शंका एकच असते: कार्ड कधी मिळणार? मग शेवटच्या बाकावरून चष्मा वर सारत भाऊ उठतात.

“ताई, मोतीबिंदूला लिमिट किती?”

“एका डोळ्याला पंचवीस हजार, सर.”

“जुन्यात चाळीस होतं. बाकी सगळं सेम?”

“हो सर, सेम.”

“सेम म्हटलं की तिथं गोम असते. रूम रेंट?”

“सम इन्शुअर्डच्या एक टक्का.”

इथे भाऊ सरळ पुढे येऊन तिच्या हातातला मार्कर घेतात. बोर्डावर लिहितात: तीन लाखांचा एक टक्का, म्हणजे दिवसाला ३,०००. तुम्ही खोली घेतली ६,०००ची. वरचे तीन हजार खिशातून भरू, असं तुम्हाला वाटतं. तसं नाही! खोली दुप्पट, म्हणून डॉक्टरची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग, सगळं निम्मंच मंजूर होणार. “एसी हॉलमध्ये जेवायला बसलात म्हणून भाजीसुद्धा अर्धीच वाढणार,” हे ऐकून पहिल्यांदाच सगळी कँटीन गप्प होते. “औषधांचं बिल त्यात कापत नाहीत हं,” ते प्रामाणिकपणे जोडतात. टीपीएची मुलगी वहीत हे उतरवून घेत असते.

मग येतो फॉर्म. नव्या पॉलिसीत आई-वडील किंवा सासू-सासरे, कुठलीही एकच जोडी घेता येते. आई इकडची आणि सासरा तिकडचा चालत नाही. भाऊ बजावतात, “फॉर्म घरी नेऊ नका. इथंच भरा, इथंच द्या.” जे ऐकत नाहीत, ते दुसऱ्या दिवशी डबा न घेता येतात.

ई-कार्डं आली की भाऊंच्या बाकाशी जत्रा. कुणाची बायको ‘मेल’ झालेली असते, कुणाचा मुलगा बापाआधी जन्मलेला असतो. सगळ्यात मोठा घोळ नावांचा. लग्नात नवऱ्याकडच्यांनी हौसेने नाव बदललेलं; कंपनीच्या रेकॉर्डला सासरचं नाव, आधार कार्डावर माहेरचं. रात्री अकराला कॅशलेसच्या खिडकीवर ती बाई दोन वेगळ्या बायका ठरते. भाऊ एकेकाचं कार्ड आधारशी ताडून बघतात आणि एचआरकडे दुरुस्तीची यादी देतात. यादीवर पोच घेतात, तारखेसकट.

आणि हे सगळं ज्यांना कटकट वाटतं, त्यांच्याही फोनमध्ये भाऊंचा नंबर असतो. वडिलांच्या छातीत दुखलं की कमिटीच्या अध्यक्षांचा फोन ‘संपर्क क्षेत्राबाहेर’ असतो. भाऊ रिक्षाने येतात. रेक्झिनच्या काळ्या बॅगेत पॉलिसीची प्रत, स्टेपलर, दोन केळी. पहिली सूचना घरच्यांना: “बीपी कधीपासून, हे डॉक्टरांना ठोकून सांगू नका. आठवतं तेवढंच सांगा. केसपेपरवर एकदा चुकीचं लिहिलं गेलं की क्वेरी आलीच.” डिस्चार्जच्या दिवशी ते घड्याळ लावून काउंटरपाशी बसतात. विमा नियामकाच्या मे २०२४च्या परिपत्रकानुसार डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायची, हे ते काउंटरवरच्या मुलाला इतक्या वेळा ऐकवतात, की तो शेवटी कंटाळून टीपीएला फोन लावतो. मंजुरी येते. पेशंट घरी जातो. दुसऱ्या दिवशी पेशंटचा मुलगा मित्रांना सांगतो, “नवीन कंपनी फास्ट आहे राव!” भाऊंना ते लागत नाही. त्यांना लागतं ते बिलातून कापलेले ग्लोव्हजचे चारशे साठ रुपये. त्याचं पत्र त्यांनी रात्रीच लिहिलेलं असतं.

तेव्हा तुमच्याकडे यंदा विमा कंपनी बदलली असेल, तर भाऊंच्या भरवशावर राहू नका. खोलीचं भाडं, मोतीबिंदूची मर्यादा आणि कार्डावरचं बायकोचं नाव, या तीन गोष्टी आजच बघून घ्या. कारण बहुतेक कलमभाऊ अठ्ठावन्नच्या आसपास पोहोचले आहेत. आणि बहुतेक कंपन्यांच्या ग्रुप पॉलिसीत नोकरी संपली की नाव कमी होतं. ते कितव्या पानावर लिहिलंय, हे अख्ख्या कारखान्यात फक्त त्यांनाच ठाऊक आहे.