बारावीआधी पदवी, तीही सवलतीत

जिथे पनवेल–इंदापूर महामार्गाचं काम 2011 साली सुरू झालं आणि त्या साली जन्मलेली मुलं दहावीच्या उंबरठ्यावर आली तरी महामार्ग खडीतच राहिला, त्या पेण-रोह्यात कुठलीही गोष्ट वेळेआधी मिळणार म्हटलं की माणूस हरखतो. म्हणून आमचं भाकीत आहे: येत्या जूनमध्ये पेणच्या एसटी स्टँडवर आणि रोह्याच्या बाजारपेठेत फ्लेक्स लागतील. 'अकरावीतच मिळवा कॉलेजचे क्रेडिट! जागा मर्यादित!' फ्लेक्सवर विद्यार्थी एक असेल, मान्यवर अकरा.

मग पालकसभा भरेल. क्लासचे सर सांगतील, "दप्तर विसरा, आता खातं उघडा." यात थाप काहीच नाही. 2021 पासून देशात अभ्यासाचे क्रेडिट जमा ठेवणारी 'अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स' आहेच. 2023 च्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्याने भावही ठरवून दिला: 30 तासांचा अभ्यास म्हणजे 1 क्रेडिट, वर्षाचे 1200 तास, 40 क्रेडिट. पाचवीपासून पीएचडीपर्यंत एकच खातेवही. मुलाला काय आलं हे विचारायचं नाही, किती जमा झालं ते विचारायचं. तास मोजायचेच असतील, तर दिवा–रोहा गाडीत सिग्नलची वाट पाहत काढलेले तासही धरावेत. रोह्याचा पोरगा बारावीआधीच एमए होईल.

जाहिरातीला चेहराही तयार आहे. रोह्याचे सी. डी. देशमुख 1912 साली मॅट्रिकला पहिले आले आणि 1943 साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. सर म्हणतील, "बघा, क्रेडिट आणि बँक, दोन्ही आपल्याच मातीतलं!" देशमुखांनी हे सगळं एकही क्रेडिट न साठवता केलं, हा तपशील फ्लेक्सवर मावणार नाही. पेण तालुक्यातल्या गागोद्याचे विनोबा तर फ्लेक्सवर अजिबात येणार नाहीत. त्यांनी आपली प्रमाणपत्रं चुलीत घातली होती. असा विद्यार्थी एखाद्या वर्गात निघाला, तर पुढच्या बॅचच्या फीचं काय?

मागच्या बाकावर हमरापूरची एक मुलगी बसलेली असेल. आठवीपासून ती घरच्या कारखान्यात गणपतीच्या डोळ्यांची आखणी करते. पेणच्या मूर्तीला भौगोलिक मानांकन मिळालं ते अशा हातांमुळे. आराखड्यात अनुभवालाही क्रेडिट आहे, फक्त रीतसर मूल्यमापन हवं. तेव्हा सर तिला सुचवतील, "बाळ, तू आपला 'मूर्तिकला परिचय' हा कोर्स कर. 2 क्रेडिट. फी हप्त्याने." शिकवायला येणारे गृहस्थ आदल्या रात्री तिच्याच काकांकडून आखणी शिकून आलेले असतील.

आणि मग, सभा रंगात आली असताना, एक आजोबा उभे राहतील. "सर, ही बँक बुडाली तर?"

सभागृह गप्प होईल. पेणमध्ये हा प्रश्न विनोदी नाही. 2010 साली पेण अर्बन बँकेचे व्यवहार ठप्प झाले आणि ठेवीदारांच्या चपला पैशांसाठी झिजल्या. पासबुकावरचा आकडा आणि खिशातला पैसा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इथे अर्थशास्त्र न शिकलेला माणूसही जाणतो.

सर हसून म्हणतील, "आजोबा, ही सरकारी बँक आहे. बुडत नाही. फक्त 7 वर्षांत क्रेडिट वापरले नाहीत, तर ते बाद होतात."

"आणि वापरायला गेल्यावर पुढच्या कॉलेजने घेतले नाहीत तर?"

"तो त्या कॉलेजचा निर्णय असेल."

पालकांनो, आजोबांचा हा दुसरा प्रश्न पाठ करून ठेवा. क्रेडिट देणारे दारोदार फिरतात. ते वटवणारी खिडकी कुठे आहे, ते कोणी सांगत नाही. कुठलं कॉलेज, कुठल्या पदवीत, यातले किती धरणार, एवढं लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह लिहून मागा. सभा तिथेच संपेल. पण चहा सांगितलेला असतो, तो पिऊनच निघा. त्या सभेतून हमखास पदरात पडेल असं तेवढंच आहे.