लाडवाचा फोटो, लेव्हीची आठी

कंपनी कायद्याच्या १३५व्या कलमानं सामाजिक जबाबदारीला वजनकाटा लावला. नक्त मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातलं एक जरी भरलं तरी सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजासाठी खर्च करा. त्याखालच्यांना सरकारनं त्यांच्या सद्‌सद्विवेकावर सोडलंय. त्याचं लेखापरीक्षण होत नाही.

एकट्या दुकानदाराला झेपत नाही ते संघटनेला झेपतं. पुण्यात पूना मर्चंट्स चेंबरचा दिवाळीतला लाडू-चिवडा पाहा. बेसन, साखर, पोहे यांच्या व्यापाऱ्यांनीच एकत्र येऊन ‘ना नफा ना तोटा’ तत्त्वावर फराळ विकायचा. पुणेकर त्यासाठी रांगेत उभा राहतो, तेही फारशी तक्रार न करता. उपक्रम झकासच आहे.

पण बाजारात सामूहिक जबाबदारीची एक जुनी आणि जास्त हुशार व्यवस्था आहे. तिचा फोटो कुणी काढत नाही. हमाल सकाळी एका गाळ्यावर पोती उतरवतो, दुपारी दुसऱ्यावर. त्याचा मालक कोण? सगळेच, म्हणजे कुणीच नाही. १९६९च्या माथाडी कायद्यानं ही पळवाट बुजवली. प्रत्येक व्यापाऱ्यानं मजुरी आणि वर ठरावीक टक्के लेव्ही माथाडी मंडळाकडे भरायची. त्यातून हमालाचा भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस. ज्या पेढीला एक हमाल कायम ठेवणं परवडत नाही, तीही त्याच्या म्हातारपणाचा वाटा उचलते.

आणि नेमकं इथंच अनेक व्यापाऱ्यांच्या कपाळाला आठी पडते. लाडू ऐच्छिक, वर्षातून एकदा, उद्घाटनाला पाहुणे. लेव्ही सक्तीची, दरमहा, आणि चलन भरताना शाल-श्रीफळ मिळत नाही. माथाडीच्या नावानं खंडणी उकळणाऱ्या टोळ्या आहेत, ही तक्रार रास्तच. मग टोळ्या पकडा म्हणा. खंडणीखोराचा राग ग्रॅच्युइटीवर कशाला?

आणि खाऊ घालण्यात हमालांची संघटनाही मागे नाही. बाबा आढावांच्या हमाल पंचायतीनं पुण्यात १९७४मध्ये ‘कष्टाची भाकर’ सुरू केली. कष्टकऱ्यांना परवडेल अशी झुणका-भाकर, दिवाळी असो वा नसो. नफ्याची अट लावायची तर ही मंडळी १३५व्या कलमाच्या आसपासही फिरकणार नाहीत.