नानांची ब्लाइंड

नाना तुमच्याही मंडळात असणार. तुमच्याकडे त्यांना अण्णा म्हणत असतील किंवा भाऊ, पण गणपतीत रात्री मंडप राखायला बसलेल्या टोळक्यात तीन पत्तीचा डाव पडला की जो माणूस आपले पत्ते उचलतच नाही, तो नाना. आमचे डोंबिवलीचे नाना ते तीन पत्ते चष्म्याच्या घराखाली सरकवतात, तळहातावर तंबाखू मळतात आणि बार भरायच्या आधी म्हणतात, "ब्लाइंड." पुढच्या फेरीला पुन्हा ब्लाइंड, आणि चाल दुप्पट.

"अहो, एकदा बघा तरी!"

"बघायचंय काय त्यात? पत्तेच असणार."

हे वाक्य पत्त्यांपुरतं राहिलं असतं तर माझी काही तक्रार नव्हती. पण नाना आंब्याची पेटी न उघडता घेतात (आंबेच असणार), एसटीची पाटी न वाचता चढतात (कुठेतरी जाणारच), आणि सोसायटीच्या सभेत सेक्रेटरी चष्मा पुसत असतानाच "मंजूर" म्हणून मोकळे होतात. पुनर्विकासाच्या कराराच्या पानापानावर त्यांनी सही केली ती टीव्हीवरची मॅच बघत. "पाडणार आणि बांधणार. वाचायचंय काय त्यात?" नानींचं तर म्हणणं असं, की बघण्याच्या कार्यक्रमात यांनी मान वर केलीच नाही. पोहे संपवले आणि होकार कळवला.

चीड याची येते, की खेळाचा कायदाही नानांच्याच बाजूने आहे. ब्लाइंडवाल्याने पाच टाकले, की पत्ते बघितलेल्याने कमीत कमी दहा टाकायचे. ब्लाइंडवाल्याकडे साइड शो मागायचीही सोय नाही, कारण साइड शो बघितलेल्यांच्यातच होतो. म्हणजे आपण डोळे उघडले म्हणून दंड भरायचा आणि नाना अर्ध्या भावात तंबाखू मळणार.

अशा माणसासमोर हातात काय येऊ नये, तर एक्क्यांची जोडी. भिकार पत्ते आले तर फेकून चहाला जाता येतं. ट्रेल लागली तर प्रश्नच मिटला. पण एक्क्यांची जोडी म्हणजे कर्ज काढून घेतलेला वन बीएचके: सोडवत नाही आणि मिरवायची छातीही होत नाही.

मला ती एकदा लागली. इस्पिक एक्का, बदाम एक्का आणि सोबत चौकट सत्ती. आमचा पुतण्या इंजिनिअरिंगला आहे. त्याने मला सगळं गणित घोटून दिलं होतं. बावन्न पत्त्यांतून तीन पत्त्यांचे २२,१०० हात निघतात. त्यातल्या १६,४४० हातांत साधी जोडीसुद्धा नसते. कलर, सिक्वेन्स, प्युअर सिक्वेन्स आणि ट्रेल मिळून फक्त १,९१६. म्हणजे न बघितलेल्या पत्त्यांविरुद्ध मी दहातले नऊ डाव जिंकणार.

बाकीचे पॅक झाले. नानांचे पाच, माझे दहा. नानांचे दहा, माझे वीस. नानांचे वीस, मी चाळीस टाकले. आणि मग नानांनी आजवर कधी न केलेली गोष्ट केली. घर उघडून चष्मा लावला. पत्ते उचलले. एकेकाचा कोपरा वाकवून तिन्ही बघितले, पुन्हा खाली ठेवले, चष्मा घरात घातला आणि ढिगातून ऐंशी मोजून पुढे सरकवले.

ढोलकीवर डोकं ठेवून झोपलेला पोरगासुद्धा उठून बसला.

आता पुतण्याचं गणित कुठे लावायचं? ते २२,१०० न बघणाऱ्या नानांचे होते. बघून ऐंशी टाकणारा माणूस त्या ढिगातला उरत नाही. त्याच्याकडे १,९१६ मधलंच काहीतरी असणार. आणि दुसरीकडे, हातात दुर्री-पंजा-नव्वी घेऊन ऐंशी टाकायला नाना कचरणारे आहेत का? शो मागायचा तर आणखी ऐंशी. मी मखराकडे बघितलं. तिथूनही काही इशारा आला नाही. मी पॅक म्हटलं.

नानांनी आपले पत्ते उलटेच कॅटमध्ये मिसळले आणि पिसायला घेतले.

"नाना, होतं काय?"

"बघायचंय काय त्यात?"

त्या रात्री त्यांचं तोंड बघायची इच्छा नव्हती. पण पुढच्याच डावाला माझा खिसा रिकामा बघून त्यांनी आपल्या ढिगातून मूठभर नाणी माझ्यापुढे सारली, न मोजता. हरलेला माणूस उठून गेला की डाव मोडतो, आणि डाव मोडला की मंडपात झोपा पडतात, असं त्यांचं म्हणणं. नंतर पैसे कधी मागितले नाहीत. मागायची गरजच नव्हती, पहाटेपर्यंत ते ब्लाइंडने वसूल झाले होते. बंदोबस्तावरचा हवालदार चहाला आला की हीच नाणी आरतीसंग्रहाखाली जायची. जुगाराचा कायदा १८८७ सालचा असला तरी अजून लागू आहे. आणि आरतीसंग्रह एवढा फुगलेला बघून हवालदारही नानांसारखाच, उघडून बघायचा नाही.

२०२५च्या ऑगस्टमध्ये, चतुर्थी पाच-सहा दिवसांवर असताना, पैसे लावून मोबाइलवर खेळायला देशभर बंदी आली. पुतण्याची मित्रमंडळी एकदम रिकामी झाली. नाना खूश. "आता पोरांना खेळायला समोर माणसं लागतील," म्हणत त्यांनी दोन नवे कॅट आणले.

पहिल्या रात्री पोरं आली, मीही गेलो, आणि मंडपाला कुलूप. सीसीटीव्ही बसले, वॉचमन ठेवला, आता जागरण बंद, अकराला मंडप बंद, असा रीतसर ठराव जुलैच्या सभेत झाला होता. ठराव वाचून व्हायच्या आत "मंजूर" कोण म्हणालं होतं, हे सगळ्यांना माहीत होतं. कोणी बोललं नाही. पोरं थोडा वेळ घुटमळली आणि पांगली.

नाना वॉचमनच्या बाकड्यावर टेकले. खिशातून कॅट काढला, पिसला, तीन पत्ते त्याच्यापुढे टाकले, तीन आपल्या चष्म्याच्या घराखाली.

वॉचमनने बिचकत हात पुढे केला. "साहेब, बघू का?"

"बघ की," नाना तंबाखू मळत म्हणाले. "पण तुला दुप्पट पडतील."