घाटात वाफ कशी काढावी

नवी गाडी घाटात तापवून दाखवणं हे ऐऱ्यागैऱ्याचं काम नाही. इच्छुकांनी आधी पंधरा-सोळा वर्षं जुनी गाडी पैदा करावी. आमच्याकडे ती वडिलोपार्जित आहे. अण्णांनी ती २००६ साली घेतली, २०१९ साली ‘आता तू चालव’ म्हणून किल्ली माझ्या हातात ठेवली आणि स्वतः शेजारच्या सीटवर जाऊन बसले. तेव्हापासून ते काही तिथून हललेले नाहीत. रस्त्याकडे मी बघतो, टेम्परेचरच्या काट्याकडे ते. या काळात आम्हा बापलेकांनी कमावलेली विद्या पुढच्या पिढीच्या पदरात घालावी, म्हणून ही नियमावली. पुढची पिढी, म्हणजे माझी मुलगी, एसटीने जाते.

नियम १ : स्थळ आणि मुहूर्त

स्थळ खंबाटकी. मुहूर्त मे महिन्यातला शनिवार, सकाळचे अकरा. पुण्याहून साताऱ्याकडे जाताना जुन्या रस्त्याने घाट चढावा लागतो, येताना बोगदा आहे. त्यामुळे जे काय करायचं ते जातानाच उरकावं. पुढे लोखंडी सळ्या भरलेला ट्रेलर असावा, मागे हॉर्न वाजवणारी ट्रॅव्हल्स. गियर पहिला, एसी चालू, मागच्या सीटवर तीन माणसं आणि आंब्याच्या दोन पेट्या. इंजिन जिवाच्या आकांताने फिरतं आणि गाडी मात्र बैलगाडीच्या चालीने सरकते. समोरून वारा नाही, म्हणजे रेडिएटरची सगळी भिस्त एकट्या पंख्यावर.

पंख्याचा रिले आधीच गेलेला असेल तर दुधात साखर. मोकळ्या हायवेला वाराच पंख्याचं काम करतो, त्यामुळे पंखा मेलाय हे शिरवळ मागे पडेपर्यंत कळतसुद्धा नाही.

नियम २ : एका वेळी एकच पार्ट बदलावा

हा या शास्त्राचा कणा. बाकीचे नियम विसरलात तरी चालेल.

आमचा पहिला गेला तो वरचा होस पाईप. मेस्त्री म्हणाले, “अण्णा, सगळं एकदम करून टाका. दोन्ही होस, क्लिपा, झाकण, थर्मोस्टॅट, वॉटर बॉडी. एकाच वयाची आहेत सगळी, एकामागोमाग एक जाणार.” अण्णा म्हणाले, “जे फाटलंय तेवढंच बघा.” बघितलं. दीड महिन्यात रेडिएटरची प्लॅस्टिकची टाकी शिवणीवर तडकली. मी नाना पेठेतून रेडिएटर आणला. झाकण जुनंच ठेवलं, कारण झाकणाला काय होतंय? तर झाकणातली स्प्रिंग ढिली पडली होती. ते बदललं, आणि तीन आठवड्यांत खालचा होस फुटला.

आता यातली मेख सांगतो. सहा वर्षं पैसे भरून शिकलोय. रेडिएटरच्या झाकणावर ०.९ किंवा १.१ असा बारीक आकडा असतो. तो दाबाचा. साधं पाणी उघड्यावर १०० अंशांना उकळतं, पण सुमारे एक बार दाबाखाली कोंडलं तर १२० अंशांपर्यंत दम धरतं. सगळी यंत्रणा या कोंडण्यावर चालते. झाकण ढिलं असतं तेव्हा दाब हळूच निसटतो आणि जुनेपाने होस त्या सवलतीवर दिवस काढतात. तुम्ही नवं कोरं, कडक झाकण बसवता, दाब पूर्ण चढतो, आणि जो सगळ्यांत म्हातारा असेल तो फुटतो. घरात कडक शिस्तीची सून आली की आधी आजोबांची तंबाखूची डबी बाहेर पडते, तसं.

वॉटर बॉडीचं, म्हणजे पाण्याच्या पंपाचं, तर विचारूच नका. आमच्या गाडीत ती टायमिंग बेल्टच्या मागे दडलेली. तिला खालून एक बारीक भोक असतं. आतलं सील गेलं की त्यातून थेंब पडतो आणि मालकाला आगाऊ सूचना मिळते. या भोकाला एमसील लावून विषय मिटवावा, असा अण्णांचा प्रस्ताव होता. मेस्त्रींनी हात जोडले. शेवटी अर्धं इंजिन उघडून वॉटर बॉडी बदलली आणि जुना बेल्ट ‘चालतोय की’ म्हणून तसाच परत चढवला. आठ महिन्यांनी बेल्टसाठी तेच अर्धं इंजिन पुन्हा उघडलं. मजुरी तेवढीच. यात अण्णांचा दोष नाही. ‘चालतोय की’ मी म्हणालो होतो.

नियम ३ : कूलंट हे श्रीमंतांचं थेर आहे, असं मानावं

“पुण्यात कुठे बर्फ पडतो?” हा अण्णांचा मुद्दा बिनतोड वाटतो. सोसायटीच्या बोअरचं पाणी फुकट असतं. त्याच पाण्याने गिझरच्या कॉइलवर चुन्याचं पुट चढवलेलं आपण दर वर्षी बघतो. रेडिएटरच्या नळ्या मात्र कॉइलपेक्षा बारीक असल्या तरी त्यांना काही होणार नाही, असा विश्वास बाळगावा.

कूलंट बर्फासाठी असतं तसं उकळण्यासाठीही असतं, गंजासाठीही असतं आणि वॉटर बॉडीच्या सीलसाठीही असतं. निम्मं ते आणि निम्मं डिस्टिल्ड वॉटर, एवढाच मामला. डिस्टिल्ड वॉटरचा कॅन वडापावच्या दोन-तीन प्लेटांच्या भावात येतो. हिरव्यात गुलाबी मिसळू नये, आणि दोन्ही हिरवी म्हणजे एकच, असंही समजू नये.

नियम ४ : थर्मोस्टॅट काढून फेकावा

‘ही अडगळ काढली की पाणी मोकळं फिरतं’ असं सांगणारा एक तरी माणूस प्रत्येक चौकात भेटतो. आमच्याकडे तो माझ्या मेहुण्याच्या रूपाने घरातच होता. थर्मोस्टॅट ८२ ते ८८ अंशांच्या आसपास उघडतो आणि तोवर इंजिनाला गरम होऊ देतो. तो काढल्यावर आमचं इंजिन थंडीत कोथरूड ते हडपसर गारच राहायचं आणि पेट्रोल मात्र पाण्यासारखं प्यायचं. घाटात तापायचं ते तापतच होतं.

नियम ५ : काटा लाल रेषेला टेकल्यावर ‘आता माथा आलाच’ असं म्हणत राहावं

स्पष्टीकरणाची गरज नाही. हेडचं फेसिंग करून देणाऱ्यांनाही पोट आहे.

नियम ६ : गरम झाकण उघडू नये

या नियमात थट्टा नाही. २०२१ साली घाटात दत्ताच्या देवळाच्या अलीकडे गाडी बाजूला घेतली. मी बाटली शोधायला डिकीकडे गेलो तेवढ्यात अण्णांनी रुमाल टाकून झाकण फिरवलं. कोंडलेलं पाणी दाब सुटताक्षणी वाफ होऊन उसळतं. रुमालाला ते काय जुमानणार. उजव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत डाग आहे, अजून. ते पूर्ण बाह्यांचे शर्ट घालतात आणि कुणी विचारलं तर ‘चहा सांडला’ म्हणतात.

म्हणून : एसी बंद करावा, जागा मिळेल तिथे थांबावं, बॉनेट उघडावं आणि पाऊण तास काही म्हणजे काही करू नये. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतू नये. थांबायला जागाच नसेल तर हीटर पूर्ण चालू करून काचा खाली घ्याव्यात. इंजिनाची थोडी उष्णता आत येते. मे महिन्यात हीटर लावून, डोक्यावर पंचा घेऊन बसलेले अण्णा सर्दी झाल्यावर वाफारा घेतात तसे दिसायचे.

नियम ७ : हिशेब ठेवू नये

अण्णांनी ठेवलाय. जुन्या डायरीत तारीख, किलोमीटर, पार्ट, मजुरी. सतरा नोंदी. खाली बेरीज नाही. मी करायला घेतली तर वही ओढून घेतली. “कशाला? विकायचीय का गाडी?”

नियम ८ : पुठ्ठा वाचावा

पार्किंगमध्ये गाडीखाली फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा अंथरलेला असतो. रोज सकाळी अण्णा तो ओढून बाहेर काढतात, नवीन थेंबाभोवती बॉलपेनने गोल करतात आणि शेजारी तारीख टाकतात. हिरवट आणि चिकट, म्हणजे कूलंट. काळा, म्हणजे ऑइल. नुसतं पाणी, तेही एसी चालवल्यावर, म्हणजे घाबरू नये. काही ठिकाणी त्यांनी बाणही काढलेत. ज्योतिषालाही पत्रिका इतकी पाठ नसेल.

गेल्या दिवाळीआधी ते आत्याकडे कराडला गेले होते. तेवढ्या चार दिवसांत मी गुपचूप गाडी मेस्त्रींकडे टाकली आणि सांगितलं, सगळं एकदम करा. होस, क्लिपा, झाकण, रिले, नवा थर्मोस्टॅट, कूलंट. अण्णा परत आले. पुठ्ठा कोरा. दुसऱ्या दिवशी कोरा. आठवडाभर कोरा. त्यांनी पुठ्ठा उलटा करून पाहिला. मग सरकवून पाहिला. नाश्त्याला बोलले नाहीत.

डिसेंबरात एका सकाळी ते घाईघाईने वर आले. पुठ्ठा कोरडा ठणठणीत, पण कूलंटच्या बाटलीतली पातळी बोटभर खाली. चेहऱ्यावर कित्येक आठवड्यांनी तेज होतं. “बाहेर थेंब नाही,” ते म्हणाले, “मग जातंय कुठं?”

मी मेस्त्रींना फोन लावून स्पीकरवर टाकला. पलीकडे जरा वेळ शांतता. मग त्यांनी विचारलं, “ऑइलच्या झाकणाला आतून साय धरलीय का? आणि सायलेन्सरमधून धूर पांढरा येतोय का बघा.”

अण्णांनी फोनवर हात ठेवला.

“सांग त्यांना, थंडी आहे,” ते म्हणाले. “थंडीत सगळ्यांचाच पांढरा येतो.”